लाँचच्या पायातलं तेल

११ सप्टेंबर १९९७, गुरुवार

लाँच काठाला ओढून तिच्या पायाचा खालचा स्क्रू सोडला तर तेल नाही, ताक आलं! पांढरं, फेसाळ. तळहातावर घेतलं तर त्यात चमचम. लोखंडाचा चुरा. म्हणजे पाणी आत आणि तेल बाहेर. आणि हे मला गेला महिनाभर माहीत होतं.

हे लिहायलाच वही काढली. दुसऱ्या कुणाला सांगायची छाती नाही.

परवा मंगळवारी लाँच मध्यावर बंद पडली. दाभेवाडीहून निघालो तेव्हा सकाळचे साडेनऊ. आत अनसूया, आकारामची बायको. पहिलटकरीण. कळा सुरू होऊन बराच वेळ झालेला. तिचं डोकं मांडीवर घेऊन सासू धोंडुबाई बसलेली. आकाराम पुढं टपाला धरून उभा. सुकाणूवर तात्याबा. मी मागं इंजिनापाशी. धरण काठोकाठ भरलंय. दाभेवाडीच्या सगळ्या पायवाटा पाण्याखाली, आमच्या आरोग्य संस्थेच्या लाँचशिवाय त्यांना रस्ता नाही. पाऊण तासाचं अंतर. अलीकडं बामणोलीच्या धक्क्यावर जीप तयार होती.

वीस मिनिटं झाली आणि मागून करकर. मग जनावर ओरडावं तसा एकच आवाज. मग सगळं थांबलं. क्लच टाकला की इंजिन दबतंय, पंखा जागचा हलत नाही.

दोन वल्ही होती. मी आणि आकाराम वल्हवत होतो. वारा समोरून. एवढी जड लाँच वल्ह्यांनी कुठं जाते! अनसूया ओरडत होती ते हळूहळू कमी झालं. ओरडणं थांबल्यावर जास्त भीती वाटली. अडीच तासांनी एक होडी दिसली, तिनं दोर बांधून ओढलं. साताऱ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तीन वाजले.

मूल मेलेलं निघालं. मुलगा. बाई वाचली.

१२ सप्टेंबर

आकाराम एकटाच आला. आपल्या मासे धरायच्या होडीतून. धक्क्याच्या पायरीवर बसला. माझ्याकडं बघत नव्हता, लाँचकडं बघत होता. दुपारी उठून गेला. 

१३ सप्टेंबर, शनिवार

ट्रॅक्टर लावून लाँच पाण्याबाहेर काढली. ट्रॉलीवर उभी आहे. आता तिचा पाय पुरता दिसतो. पाय म्हणजे मागच्या फळीबाहेर लटकणारा भाग. इंजिन आत, पाय बाहेर पाण्यात. इंजिनाची फिरकी फळीतून बाहेर येते, पायात उभी खाली उतरते, पुन्हा आडवी होते आणि पंखा फिरवते. दोन वळणं, दोन्हीकडं गिअर. ते सगळं तेलात बुडलेलं पाहिजे. ऑइलसीलं शाबूत तर तेल आत राहतं, पाणी बाहेर राहतं. एवढंच. एवढंच सांभाळायचं माझं काम.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तात्याबा म्हणाला होता, "हंबीरराव, मागं पाण्यावर तेलाचं इंद्रधनुष्य दिसतंय बगा."

मी काय म्हणालो? "मे महिन्यात वरचं सील मी स्वतः बसवलंय. माझ्या हातचं काम हाय."

फौजेत अठरा वर्षं बोटींवर काढली. ती मिजास! पाय उघडायचा म्हणजे लाँच चार दिवस बंद. त्यापेक्षा वरच्या बुचातून दर चार दिवसांनी तेल भरत गेलो. भरलं की झालं. गणपतीला उंब्रजला गेलो, ४ तारखेला. ८ ला संध्याकाळी परत आलो. बूच उघडून बघितलं नाही. दमलो होतो. सकाळी बघू म्हटलं. सकाळी दाभेवाडीचं बोलावणं आलं.

चार दिवस. चार दिवसच तेल भरलं नाही.

१५ सप्टेंबर

वरचा भाग उघडला. बेअरिंग जळून निळं पडलंय, रोलर एकमेकांना चिकटलेत. तेल सगळ्यात आधी वर संपतं, म्हणून वरचं जळालं. गिअरचे दात मात्र वाचलेत.

आणि माझं सील? मे महिन्यात बसवलेलं? धड! रबरी ओठाला ओरखडा नाही.

फाटलेलं निघावं असं वाटत होतं. खरंच. फाटलेलं असतं तर निदान इथून गळलं असं कळलं असतं. आता कुठून गळलं तेच माहीत नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

डॉक्टर मयूरी आल्या. सांगलीच्या. अजून तिशीही नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी पलीकडच्या वाड्यांवर जातात, याच लाँचने. ट्रॉलीवरची लाँच बघून म्हणाल्या, "किती दिवस?"

मी म्हटलं, सांगता येत नाही.

औषधांची पेटी होडीत घालून स्वतःच गेल्या. होडीत बसताना वळून म्हणाल्या, "जेवलात का हो तुम्ही?" मी हो म्हणालो.

आकाराम आजही येऊन बसला होता.

१८ सप्टेंबर

मिरजेत. लालासाहेबाकडं आलोय. फौजेतला जोडीदार, आता इथं लेथचं दुकान आहे. जळलेलं बेअरिंग त्याच्या हातात दिलं. त्यानं नाकापाशी नेलं, वास घेतला.

"हंबऱ्या, हे तेलावाचून मेलंय. बेअरिंग मी दोन दिवसात मिळवून देतो. पण तेल गेलं कुठनं?"

"बघतो."

"बघतो नव्हं. आधी ते बघ. न्हाईतर हेबी मरंल."

चिडलो त्याच्यावर. उगाच. त्याला मुलाचं सांगितलं नाही. सांगणार होतो, पण त्याच्या बायकोनं ताट वाढलं आणि राहून गेलं. दुकानाच्या समोर तंबोरे करणाऱ्यांचं घर आहे. ओसरीवर भोपळे वाळत घातलेत, आत कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा लावत होतं. लागत नव्हती. ऐकत बसलो, काम नव्हतं दुसरं.

२० सप्टेंबर

बेअरिंग मिळालं. गाडीने परत. कोरेगाव स्टेशन आलं. इथून लेकीचं, श्रद्धाचं सासर दहा मिनिटांवर. पोरीला आठवा महिना लागलाय. उतरायचं ठरवलं होतं. पिशवीत तिच्यासाठी मिरजेहून घेतलेले पेढे.

दारापर्यंत आलो, गाडी हलली, उतरलो नाही. तिच्या पोटाकडं बघायची हिंमत नव्हती.

२३ सप्टेंबर

वरचा भाग जोडला. नवं बेअरिंग, नवं सील, वरच्या-खालच्या स्क्रूंना नवे वायसर. तेल खालून भरलं, वरून बाहेर येईपर्यंत. एक बुडबुडा ठेवला नाही. तात्याबा टॉर्च धरून होता. म्हणाला, "आता सुटंल पीडा."

२४ सप्टेंबर

लाँच पाण्यात. अर्धा तास फिरवली. आवाज गोड. तात्याबा खूष. उद्या तेल तपासतो, मग डॉक्टरांना निरोप देतो.

२५ सप्टेंबर, गुरुवार

पांढरं!

नवं तेल, काल भरलेलं. अर्ध्या तासात पांढरं! स्क्रू हातात घेऊन तसाच चिखलात बसलो. हातातून तेल गळत होतं. तात्याबानं स्क्रू काढून घेतला, त्यानंच परत बसवला.

मला जमत नाही. हे आज स्पष्ट लिहून ठेवतो. अठरा वर्षं फौज, सात वर्षं इथं, आणि मला एक गळती सापडत नाही. गळतीमुळं एक मूल गेलं आणि ती अजून तिथंच आहे. जशीच्या तशी. मी तिच्या आजूबाजूला पान्हे फिरवतोय.

आकाराम पायरीवरून बघत होता. पांढरं तेल त्यानंही बघितलं असेल. तो काही बोलत का नाही? एकदा शिव्या दे म्हणावं. दगड उचल. हे असं रोज येऊन बसणं — याच्यापेक्षा दगड बरा.

२६ सप्टेंबर

काही केलं नाही. धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा राहिलो बराच वेळ. खाली साठ हात पाणी. मला पोहता येतं, म्हणून उपयोग नाही.

असलं लिहू नये. लिहिलं.

२७ सप्टेंबर

तात्याबा भाकरी घेऊन आला. याचं जुनं गाव या पाण्याखाली आहे, त्यावरूनच तो रोज लाँच नेतो. कधी बोलत नाही त्याबद्दल. आज बोलला.

"आवं हंबीरराव, माजं घर खाली हाय. आईला जिथं जाळलं ती जागाबी खालीच. म्या रोज वरनं जातो. मग काय करू? जायाचं थांबवू? पलीकडं मानसं हायत."

"माझ्यामुळं पोर गेलं, तात्याबा."

"व्हय. आसंल." भाकरी माझ्यापुढं सरकवली. "पण उद्या आनखी येक बाई आडली तर? तीबी तुमच्यामुळंच का?"

समजूत घालत नव्हता. खरंच विचारत होता. भाकरी खाल्ली.

२९ सप्टेंबर, सोमवार

लाँच पुन्हा ट्रॉलीवर. डोकं शांत ठेवून सुरुवातीपासून.

तेल सगळं काढलं. रिकाम्या पायात हवा भरून बघायची, जशी सायकलची ट्यूब बघतात तशी. वरच्या स्क्रूच्या भोकात ट्यूबचा वॉल्व्ह बसवला, शेजारी दाबाचा काटा, आणि सायकलचा पंप मारला. काटा दहावर. दाब जास्त झाला तर धड सीलंही फाटतील, म्हणून दहाच. मग साबणाचं पाणी ब्रशनं सगळीकडं लावलं. सांध्यावर, स्क्रूंवर, वरच्या झाकणावर. बुडबुडा आला तर तिथं भोक.

एक बुडबुडा नाही! काटा दहावरच. एक तास दहावरच.

म्हणजे पाय गळत नाही. पण गळतो. रडू आलं. तात्याबा पलीकडं तोंड करून विडी ओढत राहिला.

३० सप्टेंबर, मंगळवार

सापडली!!

सकाळी काटा तसाच लावलेला, दहावर. पंख्याच्या एका पात्यावर शेवाळ होतं ते खरवडायला म्हणून पंखा हाताने फिरवला. आणि तात्याबा ओरडला, "काटा! काटा बगा!"

नऊ. फिरवला तसा आठ. थांबलो तर आठवरच थांबला. फिरवला तर सात.

उभा असताना धरतो, फिरताना सोडतो! म्हणून साबणात काही दिसलं नाही. गळती फिरत्या दांड्यापाशी, पंख्याच्या मागं, जिथं दांडा पायातून बाहेर येतो तिथल्या सिलात. मी आजवर वरच शोधत होतो, कारण वर माझं काम होतं. मला माझीच चूक शोधून काढायची होती!

पंख्याचा नट सोडला, पंखा ओढून काढला. मागं दांड्याभोवती नायलॉनची दोरी. बारीक, हिरवी, मासे धरायच्या जाळ्याची. शंभर वेढे असतील. दांड्याबरोबर फिरून फिरून तापली, वितळली, आणि सिलाच्या ओठात घुसून तो कापून काढला. चिमट्यानं ओढली तशी हातभर निघाली, आणखी हातभर. शेवटी गाठ, आणि गाठीत पिवळ्या रबराचा तुकडा. जाळं तरंगायला लावतात तसा.

मी ओरडलो, "तात्याबा, दोरी! जाळ्याची दोरी!"

पायरीवर बसलेला आकाराम उठला. दोरीकडं बघितलं. होडी घेऊन निघून गेला. नेहमी दुपारपर्यंत थांबतो.

१ ऑक्टोबर

तात्याबानं तो पिवळा तुकडा बोटात फिरवून बघितला आणि खिशात घालायला लागला. मी म्हटलं, काय झालं?

"काय न्हाई."

"तात्याबा."

तुकडा परत माझ्या हातात ठेवला. मग म्हणाला, "हिकडं सगळे थर्माकोल लावत्यात जाळ्याला. पिवळी चप्पल कापून येकच गडी लावतो." नाव घेतलं नाही. मीही विचारलं नाही.

आकाराम.

लाँचच्या वाटेत जाळं टाकायला मनाई आहे. धक्क्यावर पाटी आहे. पण मासा तिथंच लागतो म्हणतात.

पहिल्यांदा काय झालं ते लिहितो, कारण वहीत तरी खोटं नको. मला हसू फुटलं. सुटलो म्हणून! मी नव्हे, तो! त्याच्याच जाळ्यानं! घोटभर पाणी पिईपर्यंत ते हसू तोंडावर होतं. मग ओकलो, धक्क्यामागं जाऊन.

३ ऑक्टोबर

तात्याबानं विचारलं, "सांगणार त्येला?"

सांगितलं तर मी मोकळा होईन? हिशेब मांडून बघितला. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून दोरी तिथं असणार. पंखा महिन्यातून एकदा काढून दांडा बघायचा, हे मला फौजेत पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. जून, जुलै, ऑगस्ट — एकदाही काढला नाही. ऑगस्टमध्ये तेल दिसलं तेव्हा काढला असता तर पाच मिनिटांत दोरी हातात आली असती. सील बदललं असतं. सप्टेंबरची नऊ तारीख नेहमीसारखी गेली असती.

दोरी त्याची. डोळे माझे. आणि ज्याचं पोर गेलं त्याला जाऊन सांगू, की तुझ्याच जाळ्यानं? स्वतःला चार दिवस झोप लागावी म्हणून?

तो त्या दिवसापासून आलेला नाही.

६ ऑक्टोबर

कराडहून सीलं आणली. दोन बसतात, पाठीला पाठ लावून. एकाचं तोंड आत, तेल अडवायला. दुसऱ्याचं बाहेर, पाणी अडवायला. बसवली. हवा भरली, पंखा फिरवला. काटा घसरतो! कमी, पण घसरतो.

दांडा पुसून नख फिरवलं. नख अडकलं. दोरीनं आणि जुन्या सिलानं मिळून दांड्यालाच खाच पाडली आहे. नव्या सिलाचा ओठ नेमका खाचेत बसतो.

एवढं होऊनही चिडलो नाही. आता ही निदान खरी जागा आहे.

८ ऑक्टोबर

खाचेवरचं सील काढलं. त्याच्या मागं पातळ पत्र्याची चकती कापून घातली, दीड मिलिमीटरची. तेवढं सील पुढं आलं. ओठ आता खाचेवर नाही, गुळगुळीत दांड्यावर. ओठाला ग्रीस लावून, लाकडाचा ठोकळा धरून हळूहळू ठोकत बसवलं, तिरकं जाऊ दिलं नाही.

हवा भरली. मी पंखा फिरवत राहिलो, तात्याबा काट्यापाशी. पुढं, मागं. अर्धा तास. खांदे भरून आले.

"कितीवर?"

"धा."

"आता?"

"धाच. किती येळा इच्चारता!"

१० ऑक्टोबर, खंडेनवमी

काल लाँच पाण्यात. दोन दिवसांत सहा फेऱ्या केल्या. आज तेल काढून बघितलं: काकवीसारखं! तांबूस, स्वच्छ, धार धरणारं.

डॉक्टर आजच्या पहिल्या फेरीला होत्या. दाभेवाडीला लाँच लागली तेव्हा सगळी वाडी खाली आली. एका म्हातारीनं इंजिनाच्या पेटीला हात लावून नमस्कार केला. मी खाली उतरलो नाही. वर तिसरं घर आकारामचं. दार ओढून घेतलेलं होतं.

संध्याकाळी तात्याबानं पान्हे, स्क्रूड्रायव्हर मांडून पूजा केली. सुकाणूला झेंडूची माळ. मला म्हणाला, हळदकुंकू वाहा. मी म्हटलं, तूच वाहा.

काम झालं. बरं वाटायला पाहिजे होतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आकाराम आला. खोलीवर. दुपारची वेळ, मी एकटाच होतो. दारातच उभा. बस म्हटलं तर उंबऱ्यावर बसला.

"मेस्त्री, गावलं न्हवं?"

"गावलं."

"पिवळं रबर हुतं?"

"होतं."

मान हलवली.  मग एकदम बोलायला लागला, थांबेचना. आषाढात एका सकाळी जाळं टाकलं होतं, लाँचच्या वाटेत. लाँच त्यावरून गेली. जाळं फाटलं. त्यानं काठावरून बघितलं. दोरी गुंतली असेल असं वाटलं, पण लाँच तर धड चालत गेली. सांगितलं तर जाळं जप्त होणार. म्हणून गप्प बसला.

"लाँच बंद पडली तवाच मला उमगलं. तिथंच. वल्हं मारत हुतो तवा. तुमी म्हनत हुतात, मारा, जोरात मारा, आन मी मनात म्हनत हुतो, ह्ये माजंच जाळं. म्हनून रोज यीऊन बसायचो. वाटायचं, गावू नये. मग वाटायचं, गावावं येकदाचं."

मी त्याला महिनाभर चुकीचं समजलो. मला वाटलं तो माझा न्याय करतोय.

मग मी त्याला माझं सांगितलं. सगळं. ऑगस्टमधलं तेल, तात्याबाला दिलेलं उत्तर, गणपतीचे चार दिवस, न उघडलेलं बूच. वाटलं आता तरी अंगावर येईल. तो नुसता ऐकत राहिला. तोंड उघडं ठेवून, लहान मुलासारखा.

"घरी म्हाईत हाय?" मी विचारलं.

"न्हाई. अनसूयाला न्हाई, आईला न्हाई. अनसूया म्हनती, माजंच नशीब." डोळे पुसले नाहीत त्यानं, तसेच वाहू दिले. "मेस्त्री, मग पोराला कुनी मारलं ओ? तुमी का मी?"

  चहा केला, तोही प्याला नाही, मीही नाही. ऊन उंबऱ्यावरून सरकत खोलीत आलं तेव्हा उठून गेला.

१५ ऑक्टोबर

संस्थेचे साहेब साताऱ्याहून चौकशीला आले. टेबल-खुर्ची धक्क्यावरच मांडली. सभ्य माणूस. म्हणाले, "बिघाडाचं कारण काय? तुमच्या शब्दांत लिहून द्या."

लिहून दिलं: तेल गळत असल्याचं मेकॅनिकला महिनाभर आधी माहीत होतं. पंखा काढून तपासणी केली नाही. वेळेवर तेल भरलं नाही. बिघाड मेकॅनिकच्या हलगर्जीपणामुळे. सही.

साहेबांनी दोनदा वाचलं. "सील कशानं फाटलं ते लिहिलं नाहीत."

"जुनं होतं."

तात्याबा शेजारीच उभा होता. त्यानं पाण्याकडं बघितलं.

जुनं होतं, एवढं एकच वाक्य खोटं. बाकी सगळं खरं आहे, आणि ते मी लिहिल्याशिवाय कुणी लिहिणार नव्हतं. ३१ तारखेपर्यंत काम करायचं, मग मोकळा. साहेबांना वाईट वाटलं, तसं ते म्हणाले.

दोरी चुलीत घातली. काळा धूर, घाण वास. रबर जळता जळेना.

१७ ऑक्टोबर

नव्या माणसासाठी कागद लिहून इंजिनाच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. पहिली ओळ: दर महिन्याच्या एक तारखेला पंखा काढून दांडा बघणे, काहीही झालं तरी.

१९ ऑक्टोबर

तात्याबानं सांगितलं: आकारामनं जाळं विळ्यानं कापून टाकलं. तुकडे तुकडे. परवा ऊसतोडीच्या टोळीत नाव लावून गेला, एकटाच. कराडच्या बाजूला. बायकोला न्यायचं नाही म्हणाला. परत कधी, ते बोलला नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

आज डॉक्टरांना घेऊन दाभेवाडीला. अनसूया तपासून घ्यायला आली, त्या दिवसानंतर पहिल्यांदा. चोळीतून घडी घातलेला कागद काढला, साताऱ्याच्या दवाखान्यानं दिलेला. डॉक्टरांनी वाचला. परत वाचला. मला हाक मारली.

"हंबीरराव, हे कुणी वाचलं नव्हतं?"

इंग्रजीत आहे. धोंडुबाईला त्या दिवशी कुणी काही सांगितलं असेल तर ते रडण्यात गेलं. कुणीच वाचलं नव्हतं.

मूल पोटातच गेलं होतं. दोन दिवस आधी तरी, कदाचित तीन. अंगाची कातडी सुटलेली होती, त्यावरून कळतं म्हणाल्या. लाँच निघाली तेव्हा ते जिवंत नव्हतं. पाऊण तासात पोचलो असतो तरी नव्हतं.

डॉक्टरांनी अनसूयाला शेजारी बसवून सगळं सांगितलं. ती रडली नाही. पदर तोंडाशी धरून बसली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मेस्त्री, त्यांस्नी कुनीतरी सांगा. रातच्याला झोपत नव्हते ते. मला वाटायचं, माज्यावर राग हाय."

लाँच तात्याबाच्या हवाली करून कराडची एस्टी धरतोय. टोळी कुठल्या फडात आहे माहीत नाही. विचारत विचारत जातो.